खुब्याचे ऑपरेशन तीन महिने लांबले आहे. हे दिवस कसे वापरावेत?

नाशिकरोडकर (धागाकर्ता)

नमस्कार. माझे वय ६७ असून प्रेसमधून निवृत्त होऊन मला सात वर्षे झाली आहेत. माझ्या उजव्या खुब्याचा सांधा पूर्ण झिजला आहे, हे कळायलाच दीड वर्ष गेले, कारण दुखणे गुडघ्याचे आहे अशी माझी समजूत होती. गुडघ्याला तेल चोळून झाले, शेक देऊन झाला, दोनदा एक्स-रे काढून झाला आणि दोन्ही वेळा गुडघा वयाच्या मानाने उत्तम असल्याचा निर्वाळा मिळाला. शेवटी एका तरुण डॉक्टरांनी मला उताणे झोपवले, उजवा पाय गुडघ्यात दुमडला आणि पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला नेले. त्याबरोबर जांघेत अशी कळ गेली की मी टेबलाची कड घट्ट धरली. "काका, गुडघा ठणठणीत आहे, खुबा गेला आहे," असे त्यांनी तिथेच सांगितले.

खुब्याचा सांधा बदलण्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती, पण तपासण्यांमध्ये एचबीए१सी (रक्तातली सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ९.१ निघाले आणि डाव्या बाजूची एक दाढ किडून तिच्या मुळाशी पू झालेला आढळला. साखर साडेसातच्या खाली आल्याशिवाय आणि दाढेचा निकाल लागल्याशिवाय सांध्याला हात लावणार नाही, असे सर्जननी स्पष्ट केले. म्हणजे अजून निदान तीन महिने. आमचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, अडतीस पायऱ्या आहेत आणि शौचालय भारतीय पद्धतीचे आहे. मुले पुण्यात असतात. घरात आम्ही दोघेच. ज्यांनी हे सारे अनुभवले आहे, त्यांनी या तीन महिन्यांत काय केले आणि काय करायचे राहून गेले, हे कृपया लिहावे. पुन्हा कधी पाटावर बसून जेवता येईल का, हाही प्रश्न आहे, पण तो विचारायला थोडा संकोच वाटतो.

गोदाकाठ

दाढ आजच काढा. माझ्या आईच्या वेळी आम्ही "ऑपरेशन झाले की मग दात बघू" असे म्हणालो होतो आणि सर्जननी आम्हाला चांगलेच सुनावले होते. दातातले जंतू रक्तातून फिरतात आणि नव्या सांध्याच्या धातूवर जाऊन बसू शकतात. तिथे एकदा ठाण मांडले की नुसत्या औषधाने ते सहसा निघत नाहीत, प्रसंगी सांधा पुन्हा उघडावा लागतो. लघवीतला जंतुसंसर्ग, पायाच्या बोटांमधल्या चिखल्या, अंगावरचे एखादे गळू हे सगळे त्याच कारणासाठी आधी बरे करून घ्यायचे असते.

दुसरे म्हणजे घरातल्या उंच्या मोजून ठेवा. आमच्या पंचवटीतल्या जुन्या घरात दिवाण इतका बुटका होता की त्यावर बसले की आईचे गुडघे खुब्याच्या वर जायचे, आणि नेमके तेच टाळायचे असते. सुताराकडून दिवाणाच्या चारही पायांखाली चार-चार इंचांचे खाच असलेले लाकडी ठोकळे बसवून घेतले, म्हणजे दिवाण घसरण्याची भीती राहिली नाही. पायपुसणी, सतरंज्या आणि मोरीजवळचे ते गुळगुळीत गोणपाट उचलून माळ्यावर टाकले. शौचालयाचे काम मात्र तुम्ही याच तीन महिन्यांत उरका. गवंडी, प्लंबर आणि फरशीवाला यांची एकमेकांशी गाठ पडेपर्यंत महिना सहज जातो, हे वेगळे सांगायला नको.

तिरकस

अडतीस पायऱ्या मोजून ठेवल्या आहेत, म्हणजे ऑपरेशननंतर पांडवलेणी चढण्याचा बेत दिसतो.

चालती_पावले

मी इंदिरानगरमध्ये फिजिओथेरपीचे काम करते आणि माझ्याकडे ऑपरेशनच्या आधी येणारे रुग्ण फारच थोडे असतात, म्हणून हा धागा पाहून बरे वाटले. सांधा खराब असला तरी त्याच्या भोवतालचे स्नायू आपल्या हातात असतात. उताणे झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तो खाली दाबणे, ओट्याला धरून पाय बाजूला नेणे हे व्यायाम सोसेल तेवढे रोज दोनदा करावेत. दंडांची ताकदही वाढवा, कारण पहिले काही दिवस वॉकरवर तुमचे बरेचसे वजन तेच पेलणार आहेत. शिवाय वॉकर आणि काठी आत्ताच आणून घरात चालण्याचा सराव करा. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, गुंगी आणि दुखणे दोन्ही असताना नवे काही शिकणे जड जाते.

काठीबद्दल एक गोष्ट सविस्तर लिहिते, कारण ती दहापैकी आठ जण चुकीच्या हातात धरतात. उजवा खुबा दुखत असेल, तर काठी डाव्या हातात हवी. चालताना आपण जेव्हा एका पायावर असतो, तेव्हा त्या बाजूच्या कुल्ल्याचे स्नायू ओटीपोटाचे हाड तोलून धरण्यासाठी जोरात ओढतात आणि त्या ओढीमुळे सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीनपट भार येतो. विरुद्ध हातातली काठी सांध्यापासून लांब टेकत असल्याने तिच्यावर दिलेला थोडासा जोरही त्या स्नायूंचे बरेचसे काम वाचवतो. दुखऱ्या बाजूलाच काठी धरली, तर हा फायदा बहुतेक हातचा जातो आणि माणूस उलट त्याच बाजूला कलायला लागतो.

पायऱ्यांचा नियम असा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, आणि काठी नेहमी ऑपरेशनच्या पायाबरोबर. कठड्याला हात असेल आणि हा क्रम अंगवळणी पडला असेल, तर दुसरा मजला ही अडचण राहत नाही. रुग्णालयातून सोडण्यापूर्वी पायऱ्या चढवून पाहतातच.

बागाईतदार

वरचे सल्ले योग्य आहेत, पण वाट पाहण्याचे फार कौतुक होऊ नये म्हणून माझी हकीकत सांगतो. मी दिंडोरी तालुक्यात द्राक्षे पिकवतो आणि माझे वय ४३ आहे. २०२१ साली कोविडमध्ये मला स्टिरॉइड द्यावे लागले. जीव त्यानेच वाचला, त्याबद्दल तक्रार नाही. वर्षभराने डाव्या जांघेत दुखू लागले आणि एमआरआयमध्ये खुब्याच्या गोळ्याचा, म्हणजे मांडीच्या हाडाच्या गोल टोकाचा, रक्तपुरवठा तुटल्याचे दिसले, ज्याला एव्हीएन म्हणतात. तो सप्टेंबर होता. गोळा अजून गोल आहे, हाडाला बारीक भोक पाडून आतला दाब कमी करण्याची छोटी शस्त्रक्रिया करून पाहता येईल, असे डॉक्टर म्हणाले. पण तोंडावर ऑक्टोबरची छाटणी होती, मग डिपिंग, मग थिनिंग, मग माल काढायचा. मजुरांच्या टोळ्या ठरलेल्या आणि बँकेचा हप्ता डोक्यावर, त्यामुळे मी वेदनाशामक गोळ्या खात एप्रिलपर्यंत ढकलले. एप्रिलमध्ये एक्स-रे काढला, तेव्हा गोळा चक्क खचला होता, दाबलेल्या मण्यासारखा. छोट्या शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती आणि चाळिशीत पूर्ण सांधा बदलावा लागला. त्या वर्षी मालाला भावही बरा मिळाला नाही.

चालती_पावले

बागाईतदार यांच्या अनुभवातून एक फरक नीट ध्यानात घ्यायला हवा. एव्हीएनमध्ये गोळा खचण्यापूर्वीचा काळ मोलाचा असतो आणि तो हातचा घालवू नये. धागाकर्त्यांचा सांधा मात्र झिजेने आधीच गेलेला आहे. तीन महिन्यांत तो आणखी काही विशेष बिघडणार नाही आणि वाढलेल्या साखरेत ऑपरेशन करून जंतुसंसर्ग ओढवून घेण्यापेक्षा थांबणे कितीतरी शहाणपणाचे आहे. एचबीए१सी मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते, म्हणून तुम्हाला तेवढीच मुदत दिली असणार. तरीही वर्ष-वर्ष लंगडत राहिल्यास स्नायू सुकतात, कंबर दुखू लागते आणि दुसऱ्या पायाचेही हाल होतात, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे.

हिशेबनीस

आता अप्रिय विषय काढतो, तो म्हणजे पैसा. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हापासून पुष्कळ लोक खुब्यालाही ती लागू आहे असे धरून चालतात. त्या आदेशात खुबा नव्हता. माझ्या सासऱ्यांच्या वेळी शहरातल्या एका रुग्णालयाने जे पॅकेज लिहून दिले, त्यात सांध्याची किंमत धरलेलीच नव्हती आणि ते आम्हाला दाखल झाल्यावर सायंकाळी सात वाजता कळले. त्या वेळी कोण उठून दुसरीकडे जाणार? म्हणून लेखी अंदाज घेताना इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम सांधा, त्यात आहे का, कोणत्या प्रकारचे आहे, सिमेंटचे की बिनसिमेंटचे, गोळा धातूचा की सिरॅमिकचा, हे सर्व त्यावर लिहून घ्या. इम्प्लांटच्या खोक्यावर क्रमांकाचे स्टिकर असतात, ते आपल्या फाइलमध्ये चिकटवून मागा. धातूवर धातू घासणारे काही सांधे २०१० मध्ये जगभरातून परत मागवावे लागले, तेव्हा आपल्या शरीरात नेमके काय बसवले आहे, हे ज्यांच्या कागदांवर होते त्यांना ते लगेच कळले.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपले काम बसते का, हे योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका आणि आधार घेऊन जाऊन आधी विचारावे. देवळालीकडचे माजी सैनिक त्यांच्या ईसीएचएस या आरोग्ययोजनेतून जाणार असतील, तर पॉलिक्लिनिकची चिठ्ठी आधी घ्यावी लागते.

थेम्सकाठचा_नाशिककर

इथे इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेचा दंडक असा आहे की डॉक्टरांच्या चिठ्ठीपासून अठरा आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत, पण खुब्या-गुडघ्यांच्या बाबतीत तो पुष्कळदा पाळला जात नाही आणि लोक अनेक महिने यादीत राहतात. माझे शेजारी असेच थांबले होते. पैसे मात्र एकही द्यावे लागले नाहीत. आपल्याकडे तारीख चटकन मिळते आणि वाट पाहावी लागते ती पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत, हा फरक मला नेहमी जाणवतो.

हे ऑपरेशन आज ज्या स्वरूपात होते, त्याचा पाया इंग्लंडमध्येच घातला गेला. जॉन चार्नली यांनी राइटिंग्टन येथील रुग्णालयात खुब्याचा गोळा जिच्यात फिरतो ती वाटी आधी टेफ्लॉनची वापरून पाहिली, ती भराभर झिजली आणि रुग्णांना पुन्हा ऑपरेशनला सामोरे जावे लागले. मग १९६२ मध्ये त्यांनी पॉलिथिलीनची वाटी आणि धातूचा लहान गोळा हे जोडपे वापरले आणि ते टिकले. किती टिकते, असे सगळेच विचारतात, म्हणून सांगतो की २०१९ मध्ये 'लान्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार सुमारे ५८ टक्के सांधे पंचवीस वर्षे चालले. ते जुन्या बनावटीचे सांधे होते. काकांनी ६७ अधिक २५ अशी बेरीज करून निश्चिंत राहावे.

नाशिकरोडकर

सर्वांचे मनापासून आभार. बेरीज केली आणि सौभाग्यवतींना दाखवली. त्यांचे म्हणणे असे की आधी साखर खाली आणा, मग ९२ चे बघू. दाढ काल काढली. सर्जननी मागच्या बाजूने छेद घेणार असल्याचे सांगितले आहे. पुढून घेतलेला छेद अधिक चांगला असतो, असे एका ओळखीच्यांनी ठासून सांगितल्यामुळे मनात चलबिचल आहे.

चालती_पावले

दोन्ही पद्धतींनी उत्तम निकाल मिळतात. पुढून केल्यास सुरुवातीचे काही आठवडे थोडे सोपे जाऊ शकतात, पण जी पद्धत आपल्या सर्जनच्या हातात रुळलेली आहे तीच आपल्यासाठी चांगली. मागून केल्यावर साधारण सहा ते बारा आठवडे खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही आणि पाऊल आत वळवायचे नाही, ही पथ्ये सांगतात, कारण नेमक्या त्या स्थितीत गोळा वाटीतून मागे निसटू शकतो. झोपताना पायांच्या मध्ये उशी ठेवतात, तीही याचसाठी.

काठीमागची

पथ्ये वाचायला सोपी असतात, म्हणून त्या रात्रीबद्दल लिहिते. यजमानांच्या ऑपरेशनला पाच आठवडे झाले होते आणि ते इतके छान चालत होते की आम्ही दोघेही बेसावध झालो. पहाटे दूधवाल्याने दाराबाहेर पिशव्या ठेवल्या. मला उठवायला नको म्हणून ते खाली वाकले आणि वाकता वाकता पिशवी थोडी लांब होती, म्हणून पाय आत वळवून पुढे झुकले. मला स्वयंपाकघरापर्यंत खट्कन आवाज ऐकू आला. ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते, पाय आखूड दिसत होता, गुडघा आत वळलेला होता आणि पाऊल टेकवता येत नव्हते. रुग्णवाहिकेतून नेले, भूल देऊन सांधा जागेवर बसवला आणि पुढचे सहा आठवडे पट्टा लावून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. दुधाची पिशवी दाराच्या कडीला अडकवायची, हा नियम तेव्हापासून आमच्या इमारतीत सर्वांनी केला आहे.

आणखी एक सांगायचे आहे, जे डॉक्टर सांगत नाहीत. ऑपरेशन त्यांचे झाले, पण पायमोजे चढवायला, नखे कापायला आणि पडलेला चष्मा उचलायला अडीच महिने उकिडवी मी बसत होते. रक्त गोठू नये म्हणून महिनाभर औषध द्यायचे होते, त्याची वेळ माझ्या डोक्यात. वेदनाशामकांनी पोट साफ होईना, त्यावरून होणारी चिडचिडही माझ्याच वाट्याला. धागाकर्त्यांच्या घरी दोघेच आहेत, तर पहिले दोन आठवडे कोणीतरी तिसरे माणूस येऊन राहील, एवढे आत्ताच ठरवून ठेवा. लांब दांड्याचा चिमटा आणि लांब शूहॉर्नही आणा. नंतर आणू म्हटले की राहून जाते.

तिरकस

पहिल्यांदाच सांगतो की यावर विनोद सुचला नाही. वहिनींना नमस्कार.

बागाईतदार

पाटाच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, म्हणून मीच लावतो. मला चार महिन्यांनंतर सर्जननी मांडी घालून बसायला परवानगी दिली आणि मी बसतो. बागेत मात्र उकिडवा बसत नाही.

गोदाकाठ

यावर माझा थोडा विरोध आहे. तुमचे वय ४३, गोळा मोठ्या आकाराचा बसवला असेल, स्नायू शेतात कमावलेले. माझ्या आईला सर्जननी जमिनीवर बसणे कायमचे वर्ज्य केले. पहिल्या वर्षी गौरीपुढे खुर्चीवर बसून पूजा करायला तिला इतके अपराधी वाटले की डोळ्यांत पाणी आले. दुसऱ्या वर्षी आम्ही गौरींनाच टेबलावर बसवले आणि प्रश्न मिटला. एकाला चालले म्हणून दुसऱ्याने करून पाहू नये, एवढेच म्हणणे आहे.

चालती_पावले

गोदाकाठ यांच्याशी सहमत आहे. मांडीत खुबा बाहेरच्या बाजूला वळतो, म्हणून मागून ऑपरेशन झालेल्या काही रुग्णांना ती पुढे जमते. खरा धोका जमिनीवर बसताना आणि उठताना पुढे झुकण्यात असतो. काकांनी हा प्रश्न संकोच न करता सर्जनांनाच विचारावा, कारण वाटी कोणत्या कोनात बसली आहे हे फक्त त्यांना ठाऊक असते.

नाशिकरोडकर

बऱ्याच दिवसांनी धागा वर काढतो आहे. एचबीए१सी ७.१ वर आले आणि ऑपरेशन होऊन आज आठ आठवडे झाले. कमरेतून भूल दिली होती, त्यामुळे मी जागा होतो आणि पडद्यापलीकडून सुताराच्या दुकानात येतो तसा ठोकण्याचा आवाज येत होता. दुखत काहीच नव्हते, फक्त प्रत्येक ठोक्याला सगळे अंग टेबलासकट हलत होते. कोणाला हे ऐकायचे नसेल, तर झोपेचे औषध आधीच मागून घ्यावे.

दुसऱ्या दिवशी वॉकरवर उभे केले, चौथ्या दिवशी घरी आलो. अडतीस पायऱ्यांना पंचवीस मिनिटे लागली. मध्ये पहिल्या मजल्यावरच्यांनी खुर्ची आणून ठेवली होती, शिवाय चहाही. टाके चौदाव्या दिवशी काढले. पहिला महिनाभर उजवा पाय लांब झाल्यासारखा वाटत होता आणि मी घाबरून टेप घेऊन बसलो होतो. इतकी वर्षे आखडलेला पाय सरळ झाल्यामुळे तसे वाटते, असे डॉक्टर म्हणाले आणि आता ते वाटणे कमी झाले आहे. जांघेतली ती जुनी कळ मात्र भूल उतरल्यापासून एकदाही आली नाही. जखमेचे दुखणे होते, पण ते वेगळे होते आणि दिवसागणिक ओसरत गेले. काठीमागची ताईंच्या सांगण्यावरून बहिणीला तीन आठवडे बोलावून घेतले होते. पाटाविषयी सर्जननी सहा महिन्यांनी बोलू असे सांगितले आहे, तोवर सौभाग्यवतींनी तो बाल्कनीत नेऊन त्यावर तुळशीची कुंडी ठेवली आहे.

गेल्या गुरुवारी मुक्तिधाम मंदिरापर्यंत चालत जाऊन आलो, काठी डाव्या हातात. आता ती केव्हा सोडावी, हा एकच प्रश्न उरला आहे. घरात मी तिच्याशिवाय चालतो.

चालती_पावले

अभिनंदन, काका. कपाटाच्या मोठ्या आरशासमोर काठीशिवाय दहा पावले चाला आणि कमरेच्या पट्ट्याकडे पाहा. उजव्या पायावर असताना पट्ट्याची डावी बाजू खाली जात असेल किंवा खांदे उजवीकडे कलत असतील, तर स्नायू अजून तयार नाहीत, असे समजावे.

नाशिकरोडकर

आत्ताच पाहिले. डावी बाजू बोटभर खाली जाते आहे. काठी अजून चालूच ठेवतो आणि ओट्याला धरून करायचा व्यायाम तीनदा करतो.